कुंडीत वाफसा टिकवायचा तर कुंडी कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टोमॅटो आणि मिरची प्लास्टिकच्या कुंडीत लावताय, पहिले दीड-दोन महिने झाड जोरात वाढतं, मग एकदम थांबतं, खालची पानं पिवळी पडतात, भर दुपारी माती ओली असून झाड मान टाकतं आणि उपटून बघितलं तर मुळांचा कुंडीच्या आकाराचा गोळा निघतो. एक लिंबाचं झाडही असंच आहे, तीन वर्षं झाली पण अंग धरत नाही. आणि आता कापडी ग्रो बॅग घ्यावी, मातीची कुंडी घ्यावी की आहे त्याच कुंडीला बाजूने भोकं पाडावीत, हे ठरत नाहीये.

मी गेली बरीच वर्षं कुंड्यांमध्येच भाजी आणि फळझाडं लावतेय, दुसऱ्यांची बसलेली झाडं सोडवायलाही जाते, आणि दहातली सात-आठ प्रकरणं अगदी तुमच्यासारखीच असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक शब्द डोक्यात पक्का करा, वाफसा. शेतात पाऊस किंवा पाणी झाल्यावर लगेच पेरत नाहीत, वाफसा यायची वाट बघतात, म्हणजे जमिनीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी स्थिती. मुळाला लागतं ते हेच. कुंडीतला सगळा खटाटोप हा वाफसा रोजच्या रोज, जास्तीत जास्त तास टिकवायचा आहे, बाकी कुंडीचा रंग, आकार, ब्रँड हे सगळं नंतरचं. श्वास घेणारी, म्हणजे भिंतीतून हवा आत-बाहेर जाऊ देणारी कुंडी चांगली का, तर ती पाणी दिल्यावर लवकर वाफशावर येते. आणि तिचा तोटा काय, तर ती वाफशावरून कोरडीकडे पण तितक्याच लवकर जाते. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवलं तर निवड सोपी होते.

आता तुमच्या झाडाला नक्की काय होतंय ते बघू. पान उजेडात अन्न बनवतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मूळ श्वास घेतं हे विसरायला होतं. मुळाला ऑक्सिजन लागतो, त्यातून जी ऊर्जा मिळते तिच्या जोरावर ते अन्नद्रव्यं आत ओढतं. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा आत यायचा रस्ता बंद, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट हळू पाण्यातून पसरतो. दहा हजार पट! म्हणजे वर भरपूर हवा आहे, पण चार बोटं खाली मूळ गुदमरतंय. टोमॅटोच्या बाबतीत तर गुदमरलेल्या मुळातून एक संदेश वर जातो, पानांत इथिलिन नावाचा वायू तयार होतो आणि देठ खाली वाकतात, लांबून बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो अजून पाणी घालतो. ओल्या मातीत मान टाकलेलं झाड दिसलं की झारी उचलायची नाही, एवढं पाळलं तरी अर्धी झाडं वाचतात.

उन्हाळ्यात हे दुप्पट बिघडतं. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम तर 35 अंशाच्या पाण्यात जेमतेम 7, आणि नेमकं त्याच वेळी मुळाची श्वासाची गरज वाढलेली असते, ढोबळमानाने दर 10 अंशाला दुप्पट. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर थेट ऊन पडत असेल तर उन्हाकडच्या बाजूची माती 45 अंशाच्या वरही जाते, तिथली बारीक मुळं चक्क भाजतात. आणि गुदमरलेल्या, भाजलेल्या मुळावर मग मूळकुजीच्या बुरश्या बसतात, पिथियम, फायटोफ्थोरा वगैरे. लोक बुरशीनाशक शोधत बसतात, पण बुरशी शेवटी आलेली असते, सुरुवात हवेपासून झालेली असते.

गोळ्याचं कारण वेगळं. मूळ वाढत वाढत गुळगुळीत, बंद भिंतीला टेकलं की त्याला थांबायचं कारणच नसतं, ओल आहे, अंधार आहे, मग ते वळतं आणि भिंतीच्या कडेने गोल गोल फिरत राहतं. थोड्या दिवसांत बरीचशी मुळं कडेलाच, म्हणजे सगळ्यात गरम आणि सगळ्यात लवकर सुकणाऱ्या जागी, आणि मधली माती जवळपास रिकामी. कापडी किंवा बारीक भोकांच्या भिंतीला तेच मूळ टेकलं की त्याच्या टोकाला कोरडी हवा लागते, टोक सुकतं, वाढ थांबते आणि मागून बाजूच्या फांद्या फुटतात. शेंडा खुडल्यावर झाड जसं बगलेतून फुटतं तसंच. याला एअर प्रुनिंग म्हणतात. असं शंभर ठिकाणी झालं की एका जाड दोरखंडाऐवजी बारीक पांढऱ्या मुळांचं जाळं सगळ्या मातीभर पसरतं, आणि अन्न ओढायचं काम ही बारीक मुळंच करतात.

भिंतीने किती फरक पडतो हे आकड्यात बघा. 30 सेंटीमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची कुंडी धरली तर तिच्या भिंतीचं क्षेत्रफळ साधारण 2800 चौरस सेंटीमीटर, तळाचं 700. प्लास्टिकच्या कुंडीला तळाशी एक सेंटीमीटरची पाच भोकं असतील तर बाजूने-खालून हवेला मिळालेली जागा 4 चौरस सेंटीमीटर. तीच कापडाची असेल तर सगळी साडेतीन हजार.

पण आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण इथेच लोक निराश होतात. कापडाची भिंत कडेच्या काही सेंटीमीटरला श्वास देते, मधल्या मातीला नाही. मधला भाग श्वास घेतो तो मिक्समधल्या, म्हणजे कुंडीत भरलेल्या मिश्रणातल्या पोकळ्यांमधून. नुसती चिकट काळी माती कापडी बॅगेत भरली तर बाहेरून ती सुकून कडक होते, तडा जाऊन भिंतीपासून सुटते, पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि आतला गाभा एक तर दगड नाही तर चिखल. असं झालेलं मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी कापडी कुंडीला नावं ठेवली की मी आधी विचारते, भरलं काय होतं?

माझं भरण साधारण असं असतं: भिजवून फुगवलेलं आणि दोनदा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, आणि एक भाग जाडसर खडबडीत काहीतरी, पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे खडे), भाताचं तूस, जाड वाळू, विटेचा चाळलेला चुरा, जे हाताशी असेल ते. वाळू घ्यायची तर खरंच जाड, बारीक रेती पोकळ्या बुजवते, म्हणजे हवं त्याच्या उलट होतं. लिंबासारख्या वर्षानुवर्षं राहणाऱ्या झाडाला हा खडबडीत भाग वाढवायचा, दीडपट तरी, कारण कोकोपीट आणि कंपोस्ट दोन-तीन वर्षांत बसतं, बारीक होतं. मिक्स तपासायला मूठभर ओलं घेऊन घट्ट दाबा आणि बोटाने टिचकी मारा, भुसभुशीत सुटलं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर अजून खडबडीत घाला.

आणि तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची सवय असेल तर सोडून द्या. निचरा वाढतो असं वाटतं, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते त्या थराच्या वर अडून राहतं, म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या अजून जवळ सरकतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की तो उभा करा, अजून पाणी गळेल. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक ओला पट्टा राहतोच, आणि त्याची जाडी भरणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून तेच मिक्स बुटक्या कुंडीत जास्त ओलं वाटतं आणि उंच कुंडीत मुळांना कोरडी, हवेशीर जागा जास्त मिळते.

आता कुंड्यांबद्दल.

कापडी बॅग म्हणताना मला न विणलेलं, फेल्टसारखं कापड म्हणायचंय, ज्याला जिओ फॅब्रिक म्हणून विकतात. इथे एक मोठी फसगत होते. ग्रो बॅग या एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू मिळतात. एक ही फेल्टची, आणि दुसरी हिरव्या किंवा पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली आणि वरून लॅमिनेट केलेली. ती दुसरी मजबूत आहे, स्वस्त पडते, टिकते पण चांगली, पण श्वास घेत नाही, कामाच्या दृष्टीने ती घडी होणारी प्लास्टिकची कुंडीच. मी स्वतः पहिल्यांदा वीसेक बॅगा आणल्या त्या याच, वर्णनात ब्रीदेबल लिहिलं होतं, आणि एक अख्खा हंगाम मिरच्या पिवळ्या का पडतात म्हणून खतं बदलत बसले. तपासायला सोपं आहे, कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली पाहिजे. किंवा पेलाभर पाणी ओता, फेल्टच्या सगळ्या अंगातून ते पाझरतं, लॅमिनेटच्या फक्त भोकातून किंवा शिवणीतून निघतं.

फेल्ट घेताना जाडी बघा. 250 ते 300 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचं कापड मला बरं वाटतं, उभं राहतं आणि उन्हात काही हंगाम निघतात. त्याहून फारच पातळ असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात तंतू सुटायला लागतात आणि उचलताना हँडल हातात येतं. हँडल नुसतं वर टाचलेलं नको, खालपर्यंत शिवलेलं हवं. रंग जमलं तर फिकट घ्या, काळा असला तरी प्लास्टिकइतका तापत नाही कारण भिंतीतून पाणी उडत असतं आणि त्याने गारवा राहतो, माठाचंच तत्त्व. पण हा गारवा कापड ओलं असेपर्यंतच, ते मात्र विसरू नका.

मातीची, न रंगवलेली, बिनझिलईची कुंडी हा आपला जुना श्वास घेणारा पर्याय आणि मला अजूनही लिंबासाठी, जास्वंदीसाठी, कढीपत्त्यासाठी तीच आवडते. कापडापेक्षा कमी श्वास घेते, पण म्हणून कमी सुकते पण, दोन टोकांच्या मधली आहे. एअर प्रुनिंग मात्र तिच्यात फारसं होत नाही, मुळं भिंतीला चिकटतात आणि फिरतात, त्यामुळे फळझाडाचा गोळा दर दोन-तीन वर्षांनी काढून कडेची मुळं छाटायचं काम राहतंच. नवी कुंडी वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले दोन दिवस मातीतलं पाणी तीच पिते. बाहेरून ऑइल पेंट मारलात की तिचा श्वास बंद. बाहेर पांढरे डाग येतात ते पाण्यातले आणि खतातले क्षार, घासून काढा, पण फारच भराभर यायला लागले तर खत जास्त होतंय असं समजा.

आहे त्या प्लास्टिकला भोकं पाडणं, हा पर्याय लोक कमी लेखतात. भिंतीला चार-पाच सेंटीमीटरच्या अंतराने 8 ते 10 मिलिमीटरची भोकं ड्रिलने पाडा, तापलेल्या सळईने पाडलीत तर उघड्यावर पाडा कारण तो धूर वाईट. तळाच्या वरची चार बोटं भोकांशिवाय सोडली तरी चालतं. आतून शेडनेटचा एक थर लावला की माती बाहेर येत नाही. भाजीचा जाळीदार क्रेट शेडनेट लावून घेतलात तर तेच काम अजून छान होतं आणि पालक, मेथी, कोथिंबिरीसाठी त्याच्यासारखं काही नाही. नारळाच्या काथ्याच्या कुंड्या रोपांपुरत्या ठीक, मोठ्या झाडाला पुरत नाहीत, कुजून तळ सुटतो. चिनीमातीची झिलईची कुंडी आणि सिमेंटची रंगवलेली कुंडी, या दिसायला सुंदर, श्वासाच्या बाबतीत प्लास्टिकसारख्याच, तळाला एकच भोक असेल तर प्लास्टिकपेक्षा वाईट.

तर तुम्ही काय घ्यावं? मी निवड झाडावरून आधी करत नाही, पाणी कोण आणि कसं देणार यावरून करते. तुम्ही रोज सकाळी झाडांपाशी जाता, उन्हाळ्यात संध्याकाळीही जाऊ शकता किंवा टायमरवरचं ड्रिप बसवणार आहात, तर टोमॅटो-मिरचीला फेल्टची बॅग डोळे झाकून घ्या. आठवड्यातले दोन दिवस घरी कोणी नसतं, ड्रिप पण नाही, तर कापडी बॅग घेऊ नका, कृपा करून घेऊ नका, भोकं पाडलेली प्लास्टिकची कुंडी आणि चांगलं मिक्स यात तुमचं पीक जास्त चांगलं येईल. श्वास कमी पडल्याने झाड महिन्याभरात खचतं, पाणी तुटल्याने एका दुपारीत जातं.

टोमॅटोचं अजून एक सांगते. कापडी बॅगेत पाणी कधी भरपूर कधी कोरडं असं झालं की फळाच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग येतो. तो रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा त्याला कारण मातीतला कॅल्शियम कमी असणं नसून पाण्याचा अनियमितपणा असतो. लोक अंड्याची टरफलं घालतात, ती कुजायला कितीतरी महिने लागतात. त्यापेक्षा वर दोन इंच वाळलेल्या पाचोळ्याचं आच्छादन घाला आणि पाण्याची वेळ मोडू नका.

आकार. उंच वाढणाऱ्या टोमॅटोला 20 लिटर हे किमान, 30 मिळालं तर निवांत. मिरचीला 12 ते 15, वांग्याला 20, लिंबाला आत्ता 30 आणि पुढे 50-60. लिटर लिहिलेले नसतील तर व्यासाचा अर्धा गुणिले तोच अर्धा, गुणिले 3.14, गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि शेवटी भागिले हजार. म्हणजे 25 बाय 25 ची बॅग सुमारे 12 लिटर, 30 बाय 30 ची 21 लिटर, 40 बाय 40 ची 50 लिटर. ओलं भरण लिटरला साधारण किलोच्या आसपास धरा, म्हणजे 50 लिटरची बॅग भरल्यावर एकट्याने उचलायची नाही, आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत अशा दहा ठेवणार असाल तर अर्ध्या टनाचा विचार आधी करा. चिमुकलं रोप एकदम मोठ्या बॅगेत मात्र लावू नका, मुळं नसलेली माती ओलीच राहते. आधी पेल्यात, मग लिटरभराच्या पिशवीत, आणि पांढरी मुळं कडेला दिसायला लागली की थेट शेवटच्या बॅगेत. फेल्टमधून फेल्टमध्ये बदली करायचं टाळा, मुळं कापडात रुतलेली असतात, ओढलं की तुटतात, फळझाडाच्या वेळी मी सरळ बॅग कापून काढते.

भरताना बॅग वर फक्त दोन बोटं जागा सोडून भरा, काठ बाहेर दुमडून टाका म्हणजे तो आत कोसळून पाणी बाहेर जात नाही. आणि सपाट फरशीवर ठेवू नका. बॅगेचा तळ फरशीला चिकटला की तो श्वास घेत नाही आणि फरशीवर तपकिरी डाग पडतो तो वेगळाच. दोन-तीन विटांवर, जाळीवर, लाकडी फळ्यांवर ठेवा, खालून हात फिरला पाहिजे. खाली ताटली ठेवलीत तर अर्ध्या तासाने त्यातलं पाणी ओतून टाका, नाहीतर कापड तेच पाणी वर ओढत राहतं आणि एवढा खर्च करून मूळ पुन्हा पाण्यातच. बॅगा वाऱ्यात एकेकट्या ठेवण्यापेक्षा जवळ जवळ ठेवल्या तर कमी सुकतात, आणि पश्चिमेच्या उन्हाकडे एखादी फळी किंवा रिकामी कुंडी आडवी लावली तरी बराच फरक पडतो.

पाणी द्यायची पद्धत बदलावी लागेल. एकदम बादली ओतायची नाही. आधी थोडं, सगळ्या पृष्ठभागावर फिरवून, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्यांदा तळातून थेंब यायला लागेपर्यंत. कोकोपीट पूर्ण सुकलं की पाणी झटकतं, बाजूने निघून जातं आणि आत कोरडंच राहतं, तसं झालं तर ती बॅग अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून वर ओल येऊ द्यायची आणि मग निथळत ठेवायची. पाणी लागतंय का हे बोट घालून बघा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बॅग एका बाजूने जराशी उचलून बघा, आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं आणि मग चुकत नाही. पाणी वारंवार द्यावं लागतं म्हणून खतही वाहून जातं, त्यामुळे महिन्यातून एकदा भरपूर देण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी थोडं, पातळ करून. आणि महिना-दीड महिन्यातून एकदा साध्या पाण्याने वरून भरपूर धुवून काढा, भिंतीतून पाणी उडून जातं पण क्षार मागेच राहतात, ते कडेच्या बारीक मुळांना जाळतात. बाहेरून हिरवं शेवाळ आलं तर घाबरू नका, झाडाला त्याचा त्रास नाही.

आता तुमच्याकडे आज जी झाडं आहेत त्यांचं. फळावर आलेल्या टोमॅटोचा गोळा आता मोडू नका, त्याला धक्का सोसणार नाही, कुंडीच्या बाजूला भोकं पाडा, खाली विटा ठेवा, पाणी वरचं दोन बोटं सुकल्याशिवाय देऊ नका आणि हा हंगाम तसाच काढा. मिरची वर्षभर टिकते, तिला फुलं कमी असताना संध्याकाळी बाहेर काढून गोळ्याच्या कडेला चार ठिकाणी वरून खाली सुरीने चिरा द्या, तळाची चकती बोटभर कापून टाका, बॅगेत लावून वरचा पाव भाग छाटा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. लिंबाचं काम जास्त नाजूक. त्याची फिरलेली मुळं आता लाकूड झाली असतील, ती बोटांनी सुटणार नाहीत, आणि जी खोडाच्या भोवती वळसा घालून बसलीयेत ती पुढे खोडालाच आवळतात, ती कात्रीने कापायलाच लागतील. कडाक्याच्या उन्हात करू नका, नवी पालवी यायच्या जरा आधी करा, एका वेळी मुळांचा पाव भाग, फार तर तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्या कमी करा. लावताना खोडाचा बुंधा आधी जितका वर होता तितकाच ठेवा, कलम असेल तर त्याची गाठ मातीच्या वरच राहू द्या. नंतर महिनाभर खत अजिबात नाही. नवी पानं हाताएवढ्या फांदीवर दिसायला लागली की मग सुरू करा.

बाहेर काढाल तेव्हा लिंबाच्या गोळ्याचे फोटो बाजूने आणि तळातून असे दोन्हीकडून काढून पाठवा, मुळं कुठून कापायची ते बघून सांगते.